पिल्लावळ मोजून घ्या

माझं पहिलं सेगा ३२एक्स (मेगा ड्राइव्ह या जुन्या गेम कन्सोलवर चढवायचा जोडडबा, म्हणजे ॲड-ऑन) खोक्यातून बाहेर आलं तेव्हा मी ते ओल्या फडक्याने पुसलं, मेगा ड्राइव्हच्या खाचेत बसवलं, टीव्हीची केबल त्याच्या पाठीत खुपसली आणि काळ्या पडद्याकडे बघत बसले. दिवा लागलेला. कार्ट्रिज स्वच्छ. विकणाऱ्याने लिहिलेलं, ‘एकदम चालू’. तो खोटं बोलत नव्हता, डबा चालूच होता. नव्हती ती एक वीतभर लांबीची केबल.

३२एक्सचं काम असं चालतं की मेगा ड्राइव्हचं चित्र त्याच्या मागच्या सॉकेटातून निघून त्या केबलने ३२एक्समध्ये शिरतं, तिथे ३२एक्स त्यावर स्वतःचं चित्र चढवतं आणि दोन्ही मिळून टीव्हीकडे जातात. केबल नसेल तर मेगा ड्राइव्हच्या चित्राला यायला वाटच नाही. उलट टीव्ही थेट मेगा ड्राइव्हला जोडलात तर मागचा देखावा दिसतो आणि ३२एक्सने काढलेला भाग गायब. ती केबल मिळायला मला तीन महिने लागले. मिळाली तेव्हा कळलं की माझा मेगा ड्राइव्ह पहिल्या पिढीचा, त्याचं मागचं सॉकेट ८ पिनांचं आणि केबल दुसऱ्या पिढीची, ९ पिनांची. म्हणजे आणखी एक छोटा जोडतुकडा हवा. दुष्काळात तेरावा महिना.

तेव्हापासून मी ॲड-ऑन विकत घेत नाही, त्याची पिल्लावळ विकत घेते. डबा कुणाकडेही मिळतो, तो मोठा असतो, कुणी फेकून देत नाही. हरवतात ती पिल्लं: केबल, धातूची पट्टी, डिस्क, झाकण, अडॅप्टर. म्हणून घेण्याआधी वहीत एक पान करा. वर डब्याचं नाव आणि खाली त्याला चालायला लागणारी प्रत्येक गोष्ट, कितीही क्षुल्लक असली तरी. विकणाऱ्याला ‘सगळं आहे का’ असं विचारू नका, तो ‘हो’च म्हणणार, कारण त्याला तरी सगळं म्हणजे काय हे कुठे माहीत असतं. पानावरची एकेक गोष्ट नावाने विचारा आणि तिचा वेगळा फोटो मागा.

माझ्या वहीतली काही पानं इथे उतरवते.

सेगा ३२एक्स (१९९४): जोडकेबल. पहिल्या पिढीच्या मेगा ड्राइव्हसाठी जोडतुकडा. दुसऱ्या पिढीसाठी प्लास्टिकचा स्पेसर, नाहीतर डबा डोलतो. मेगा ड्राइव्हच्या खाचेत बसणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्या. स्वतःचा अडॅप्टर. या पट्ट्या नसतील तरी ते चालतं, म्हणून लोक त्या टाकून देतात. त्या विद्युत गोंगाट रोखण्यासाठी दिलेल्या होत्या. मी लावते, पण त्यांच्यासाठी अडून बसत नाही.

गेम बॉय प्लेयर (२००३): निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलच्या तळाला बसणारा चौकोनी डबा, हातातल्या गेम बॉयचे गेम टीव्हीवर खेळायला. पान लहान आहे पण खोचक. डब्यासोबत एक डिस्क असते आणि तिच्याशिवाय डबा म्हणजे पाट. डबा कुठल्याही प्रदेशाचा चालतो, डिस्क मात्र गेमक्यूबच्याच प्रदेशाची हवी. डिस्कविना डबे भरपूर दिसतात. ते घ्यायला माझी हरकत नाही, पण त्यासाठी ‘गेम बॉय इंटरफेस’ हे रसिकांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर गेमक्यूबवर चालवायची काहीतरी सोय तुमच्याकडे हवी. खरं तर मला ते मूळ डिस्कपेक्षा जास्त आवडतं, चित्र जास्त नेटकं येतं.

निन्टेंडो ६४चा एक्स्पान्शन पॅक: ४ मेगाबाइटची मेमरी ८ करतो. इथे पिल्लू उलट्या बाजूला आहे. पॅक काढून कन्सोल चालवायचं तर त्या जागी मूळचा जम्पर पॅक परत बसवावा लागतो, खाच रिकामी असेल तर कन्सोल सुरूच होत नाही. कित्येक ‘बिघडलेले’ निन्टेंडो ६४ एवढ्यासाठी बिघडलेले असतात. पुढच्या बाजूचं झाकण आधी उघडून बघा, मग पुढचं बोला. नवशिक्यांना मी पहिलं ॲड-ऑन म्हणून हेच सांगते. डाँकी काँग ६४ किंवा माजोराज मास्क याच्याशिवाय चालतच नाहीत, म्हणून तपासायला गेम शोधत बसावं लागत नाही.

पीसी इंजिन सीडी-रॉम स्क्वेअर (१९८८): गेम कन्सोलला सीडी लावण्याचा हा पहिला प्रयोग. इथे पिल्लू म्हणजे सीडी चालवायला कन्सोलच्या खाचेत घालायचं सिस्टम कार्ड, आणि त्याची आवृत्ती. सुपर सीडी-रॉमच्या डिस्कला ३.० आवृत्तीचं कार्ड लागतं. पुढे १९९४मध्ये आर्केड कार्ड आलं तेही दोन प्रकारचं: जुन्या सीडी-रॉम यंत्राला ‘प्रो’, आणि ज्यात सुपर सिस्टमची मेमरी आधीच आहे त्याला ‘ड्युओ’. फोटोत कार्ड सारखीच दिसतात. नाव वाचायला लावा.

‘चालू आहे’ या शब्दाचा अर्थही ठरवून घ्या. विकणाऱ्याच्या लेखी दिवा लागला की चालू. तुम्ही विचारायचं की कुठला गेम लावून बघितला, किती वेळ, सेव्ह होतो का, आणि दुसऱ्या दिवशी तो सेव्ह जागेवर होता का. मेगा-सीडीच्या (मेगा ड्राइव्हला सीडी लावणारा डबा) आत जेमतेम ८ किलोबाइटची सेव्हची जागा असते आणि ती आतल्या बॅटरीवर तगून राहते. इतक्या वर्षांनी ती बॅटरी उत्साहाने काम करत असेल ही अपेक्षा ठेवू नका.

आता विजेचं. इथे मी एक फॅमिकॉम (निन्टेंडोचं जुनं जपानी कन्सोल) गमावला आहे, म्हणून जरा तपशीलात.

फॅमिकॉमचा अमेरिकन भाऊ एनईएस, त्याचा अडॅप्टर ९ व्होल्ट देतो, पण एसी. एनईएसच्या आत त्याचं डीसी करायची सोय आहे. जपानी फॅमिकॉमला ती नाही, त्याला डीसीच लागतं, प्लगचा मधला भाग ऋण असलेलं. प्लग मात्र एकमेकांत सुखाने बसतात. मी घाईत एनईएसचा अडॅप्टर फॅमिकॉमला लावला. दोन सेकंद काही झालं नाही. मग जळालेल्या गुळासारखा वास आला. ते दोन सेकंद मला अजून आठवतात.

सेगाच्या मनोऱ्याची तर आणखी गंमत. खाली मेगा-सीडी, मध्ये मेगा ड्राइव्ह, वर ३२एक्स: तिघांना तीन अडॅप्टर. पहिल्या पिढीच्या मेगा ड्राइव्हला आणि मेगा-सीडीला मधला भाग ऋण असलेला, तर दुसऱ्या पिढीच्या मेगा ड्राइव्हला आणि ३२एक्सला मधला भाग धन असलेला. त्यांच्या टोकांची मापं वेगळी असल्याने मूळ अडॅप्टर सहसा चुकत नाहीत. चुका होतात त्या ‘सगळ्याला चालेल’ अशा बहुमुखी अडॅप्टरांनी, ज्यांची टोकं उलटी बसवता येतात.

मी काय करते ते सांगते. प्रत्येक अडॅप्टरच्या टोकाशी रंगीत दोरा गुंडाळते, आणि तोच रंग यंत्राच्या सॉकेटशेजारी. शिवणकामाच्या डब्यात दोरे आहेतच. पहिल्यांदा लावण्याआधी मल्टिमीटरने टोक मोजते: डीसी आहे का, आणि मध्ये धन की ऋण. एक सूचना: जुने जड, ट्रान्सफॉर्मरवाले अडॅप्टर रिकामे मोजले की छापलेल्यापेक्षा बरेच जास्त व्होल्ट दाखवतात. ९च्या जागी १३ दिसले म्हणून घाबरू नका, भार पडला की उतरतात. चिन्ह उलटं दिसलं तर मात्र घाबरा.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. फुंकर मारायची नाही, तोंडातल्या वाफेने पिना गंजतात. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी, आणि काडी पांढरी निघेपर्यंत धीर. ॲड-ऑनमध्ये लक्षात ठेवायचं ते एवढंच की साफ करायच्या जागा दुप्पट असतात. कार्ट्रिज ३२एक्समध्ये आणि ३२एक्स कन्सोलमध्ये, म्हणजे दोन्ही ठिकाणचे कॉन्टॅक्ट. आपण वरचे घासत बसतो आणि घोडं खाली पेंड खात असतं.

सेल गळून हिरवट-पांढरा खवला आला असेल (निन्टेंडो ६४च्या रम्बल पॅकमध्ये हमखास, त्यात दोन ट्रिपल-ए सेल असतात आणि ते काढायचं कुणाच्याही ध्यानात राहत नाही), तर काडीला पांढरं व्हिनेगर लावून तो विरघळवा, मग अल्कोहोलने पुसा, मग एक दिवस उघडं ठेवा. कंट्रोलर पॅक या सेव्ह-कार्डातली सीआर२०३२ ही चपटी बॅटरी संपली की सेव्ह जातात. सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलचं व्हीएमयू हे सेव्ह-कार्ड याला अपवाद आहे. त्यातल्या दोन सीआर२०३२ संपल्या तरी सेव्ह फ्लॅश मेमरीत सुरक्षित राहतात, फक्त कन्सोल सुरू करताना ते कर्कश्श किंचाळतं. सेल न बदलता किंचाळू देणारे लोक मला माहीत आहेत. त्यांच्या घरच्यांची मला कीव येते.

आता माझ्या आवडीचं दुखणं: फॅमिकॉम डिस्क सिस्टम. फेब्रुवारी १९८६मध्ये जपानात आलेलं हे लाल यंत्र कार्ट्रिजऐवजी छोट्या चुंबकीय डिस्कवरून गेम वाचतं, एका बाजूला ५६ किलोबाइट, दोन्ही मिळून ११२. तुम्हाला मिळेल ते यंत्र नव्वद टक्के वेळा डिस्क वाचणार नाही (हा आकडा माझ्या कपाटातला आहे, शास्त्रातला नाही). कारण बहुतेक वेळा एकच: आतला रबरी पट्टा. जुन्या मूळ पट्ट्याचं कालांतराने डांबर होतं. शब्दशः डांबर, बोटाला लागलं तर दोन दिवस निघत नाही.

आधी सोपं बघून घ्या. पडद्यावर एरर ०२ आला तर वीज पोहोचत नाही, म्हणजे सेल किंवा अडॅप्टर (यंत्र सी आकाराच्या सहा सेलवरही चालतं). ०७ आला तर डिस्क उलटी आहे, ए-बी बाजू बदला. विशीतले आकडे आले, २१, २२, २७, तर मग वाचण्यातच अडचण आहे आणि पेचकस हातात घ्यायची वेळ झाली.

यंत्राच्या कवचातून आतली ड्राइव्ह बाहेर काढा. प्रत्येक स्क्रू कुठला याचा फोटो घ्या, मी तर कागदावर यंत्राचं चित्र काढून स्क्रू त्या-त्या जागी टोचून ठेवते. ड्राइव्ह उलटी केली की मोटरच्या चाकावर आणि मोठ्या चाकावर काळा चिकटा दिसेल. हातमोजे घाला. लाकडी काडीने आधी जाड थर खरवडा, मग अल्कोहोलच्या काड्या. चाकाची किनार सगळ्यात महत्त्वाची, तिथे राईएवढा कण राहिला तरी चाक प्रत्येक फेरीत ठेच खातं आणि वेग डळमळतो. नवा पट्टा बसवण्याआधी तोही अल्कोहोलने पुसा, बोटांचं तेल नको. बसवल्यावर चाक हाताने हळूहळू दहा-बारा फेऱ्या फिरवा आणि पट्ट्याकडे एका बाजूने बघा. पीळ असेल तर तो एका ठिकाणी उडी मारतो. ज्यांनी शिवणयंत्राचा पट्टा बदलला आहे त्यांना हे सांगावं लागत नाही.

याच वेळी वाचणाऱ्या हेडवरून ओलसर काडी एकदा अलगद फिरवा. दाबू नका.

आणि डिस्क जिथे बसते ते मधलं हब, त्याला हात लावू नका. या डिस्कवर वेगवेगळी वर्तुळं नसतात. ग्रामोफोनच्या तबकडीसारखा एकच सलग गुंडाळत गेलेला मार्ग असतो. हेड कुठून निघतं आणि डिस्क त्या क्षणी कुठल्या कोनात आहे याचा मेळ त्या हबवर ठरतो. ते बारीकशा दोन स्क्रूंनी घट्ट केलेलं असतं. सैल करावंच लागलं तर आधी सुईने खूण ओढा. मी पहिल्या यंत्रावर खूण केली नव्हती. मग केसभर फिरवायचं, घट्ट करायचं, डिस्क घालायची, एरर, परत सैल. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री ते बारीक घरघर करत शेवटपर्यंत गेलं आणि गेमचं संगीत सुरू झालं तेव्हा शेजारच्या खोलीतून मुलाने ओरडून विचारलं, ‘आई, लागलं का?’

डिस्क विकत घेताना एक लक्षात ठेवा. त्या काळी जपानी दुकानांत यंत्रं असत, ५०० येन देऊन जुन्या डिस्कवर नवा गेम लिहून मिळे. ती सेवा निन्टेंडोने २००३पर्यंत चालू ठेवली होती. त्यामुळे लेबल एक आणि आत भलताच गेम, हे फसवणुकीचं लक्षण नाही. मला लेबलावर गोल्फ आणि आत दुसराच गेम अशी एक मिळाली आहे, मी लेबल तसंच ठेवलंय. पिवळ्या डिस्कना सरकतं झाकण नसतं, तपकिरी पृष्ठभाग उघडाच. बोट लावलं की संपलं.

सीडीवाल्या यंत्रांचं दुखणं वेगळं. डिस्क फिरते पण वाचत नाही, तर पहिल्यांदा लेझरची काच पुसा, मग ज्या दांड्यांवर काच सरकते तिथलं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावा. लेझरच्या शेजारी एक बारीक फिरवायचा स्क्रू दिसतो आणि तो फिरवला की यंत्र दोन दिवस चालतंही. तो सगळ्यात शेवटचा उपाय, पहिला नव्हे. थकलेल्या बैलाला चाबूक मारण्यातला प्रकार आहे.

बंदुकीचं दोन वाक्यांत. एनईएसचा झॅपर तुम्ही घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा करतो, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड नेमक्या त्या क्षणी आला का हे बघतो. सपाट टीव्ही चित्र दाखवायला जो थोडासा उशीर करतो तेवढ्याने हिशेब चुकतो, म्हणून पिक्चर ट्यूबवाला जुना टीव्ही नसेल तर झॅपर घेऊ नका. आर.ओ.बी. रोबोटचंही तेच, तोही पडद्याच्या लुकलुकण्यावरून हुकूम घेतो. शिवाय त्याचे गेम दोनच. कपाटावर छान दिसतो, तेवढ्यासाठी मीही घेतला.

ज्यांना कमी कष्टात खरी मजा हवी त्यांनी अटारी २६०० या कन्सोलचा सुपरचार्जर शोधावा. १९८२चा आहे. अटारीची स्वतःची मेमरी १२८ बाइट, हा ६ किलोबाइट देतो, म्हणजे ४८ पट. गेम येतो कॅसेट टेपवरून. सुपरचार्जरच्या वायरीचं टोक टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या छिद्रात घालायचं आणि टेप लावायची. त्या यंत्राला पलीकडे टेप आहे की आणखी काही याच्याशी देणंघेणं नाही, त्याला आवाज हवा. म्हणून टेप झिजली असेल तर तिची ध्वनिफीत फोनवरून वाजवली तरी गेम चढतो. फोनवरचे बास वाढवणारे वगैरे सगळे प्रकार बंद ठेवा, दाबून लहान केलेली फाइल टाळा, आणि आवाज मध्यापासून थोडाथोडा वाढवत न्या. माझ्या फोनवर पाऊण आवाजाला चढतो, पूर्ण आवाजाला नाही.

ठेवणीचं शेवटचं. वायरी गुंडाळून यंत्राच्या अंगावर ठेवू नका. वायरीच्या मऊ प्लास्टिकमधलं तेल वर्षानुवर्षं झिरपतं आणि कवचावर वितळल्यासारखा चर पडतो. थर्मोकोलवर ठेवली तर वायर त्यात रुतून बसते. प्रत्येक वायर वेगळ्या कागदी पाकिटात, पाकिटावर नाव. पिवळं पडलेलं कवच पेरॉक्साइडने पांढरं करायचा नाद मी सोडला, डाग डाग उठतात. पिवळं तर पिवळं. आणि वर्षातून एकदा प्रत्येक यंत्र अर्धा तास चालवा, कपाटात ठेवलेला पट्टा वापरातल्या पट्ट्याच्या आधी मरतो.

मागच्या महिन्यात एकाने मला निव्वळ वायरींची एक पिशवी दिली, ‘यातलं कशाचं काय मला कळत नाही’ म्हणून. तळाशी ३२एक्सची वीतभर केबल होती. माझ्याकडे आता दोन झाल्या. दुसरी पाकिटात घालून वर ‘देण्यासाठी’ असं लिहून ठेवली आहे.